भिंतीपासून पुलापर्यंत

नगरसेवकानं मला फसवलं, आणि मी अक्कांना फसवलं. यातली पहिली गोष्ट मी नाक्यावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथं ऐकणारा सापडेल तिथं सांगितली आहे. दुसरी कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही.

माझा धंदा जुन्या दारांचा. सोलापुरात जुनी घरं पाडून अपार्टमेंटी उठायला लागल्या, तेव्हापासून पाडकाम सुरू असेल तिथं मी जातो आणि दारं, चौकटी, खिडक्या विकत घेतो. त्या घासूनपुसून पुन्हा विकतो. लाकूड बोटाच्या पेरानं ठोकलं की सागवान किती वर्षांचं ते मला कळतं. कुठल्याही रस्त्यानं चाललो तरी माझी नजर माणसांवर नसते, दारांवर असते. कुठलं दार यंदा निघेल, कुठलं पाच वर्षांनी, एवढंच मी बघत जातो. भाव करताना मी समोरच्याला घाम फोडतो, हे सगळ्या नाक्याला माहीत आहे. माझा आवाज चढतो, मी उठून जातो, परत येतो, पुन्हा उठून जातो. आणि ठरलेला शब्द चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय मी दाराला हात लावत नाही.

हे सगळं मी मुद्दाम सांगतोय. पुढं जे घडलं ते एखाद्या भोळ्या माणसाच्या हातून घडलं, असं कुणी समजू नये.

माझा बाप होटगी जंक्शनला रेल्वेत गँगमन होता. रुळाकडेच्या खोलीत आम्ही वाढलो. शाळेच्या फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात बापानं ‘रेल्वे लाईनजवळ’ असं लिहून दिलं होतं. मास्तरांनी भर वर्गात विचारलं, “कुठल्या रं लाईनजवळ? वाडीकडच्या का गदगकडच्या?” पोरं हसली. ते हसू मी फार वर्षं बरोबर घेऊन फिरलो. हातगाडीवर लाकूड ओढायला लागलो तेव्हाच ठरवलं होतं, की एक दिवस माझ्या नावाचा बोर्ड असेल, त्यावर रस्त्याचं नाव असेल, आणि लांबून आलेला माणूस त्या पत्त्यावर सरळ माझ्यापर्यंत येऊन पोचेल. तसं झालंही. आज इंडी, विजापूरकडनं लोक येतात ते विचारत विचारत नाही, थेट येतात.

आमचा रस्ता नाक्यापासून रेल्वेच्या पुलापर्यंत जातो. नाक्याकडून निघालं की आधी दुकानं लागतात. हॉटेल, मेडिकल, झेरॉक्स, पंक्चरवाला. मग डाव्या हाताला एक गल्ली आत जाते, अकरा घरांची. गल्लीच्या तोंडाला लागूनच माझं दुकान, रस्त्यावरचं शेवटचं. त्याच्या पुढं एका बाजूला बंद पडलेल्या गिरणीची भिंत आणि दुसऱ्या बाजूला गोदामाची भिंत, ती थेट पुलापर्यंत.

गल्लीत चौथ्या घरात मेजर राहायचे. खरं तर ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. पहिल्या पहिल्यांदा ते म्हणायचे, “मेजर नाही हो, मी हवालदार.” लोक म्हणायचे, “व्हय मेजर.” मग त्यांनी नाद सोडला.

उन्हाळ्यात आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि मधल्या दिवसांत टँकर. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबतो. मेजर येण्याआधी तिथं काय चालायचं ते मी दुकानातून बघितलेलं आहे. घागरी फुटायच्या, बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, दांडगी पोरं पाईप पळवायची. मेजरांनी पहिल्याच उन्हाळ्यात एक काम केलं. पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन, गुडघ्यावर बसून, त्यांनी रस्त्याच्या कडेला चौकोन आखले आणि त्यांत आकडे घातले. एक ते अठ्ठावीस. एक नंबर टँकरच्या तोटीशी, अठ्ठावीस माझ्या दुकानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यावर. प्रत्येकानं आपल्या चौकोनात घागर ठेवायची. मेजर गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहायचे. शिट्टी वाजली की एक घागर पुढं सरकायची. कुणाची ओळख चालत नव्हती.

सतरा नंबर माझ्या पायरीसमोर होता. एकदा पॉलिशच्या कामाला मला दोन कॅन जास्तीचे हवे होते. मी मेजरांना बाजूला घेतलं. म्हटलं, “मेजर, तुमच्या मोरीचं दार कुजलंय. उद्या फस्क्लास दार बसवून देतो, फुकट. आज तेवढे दोन कॅन आधी भरू द्या.”

ते म्हणाले, “सतरा नंबर तुमचा. घागर ठेवा.”

“अहो, दोनच कॅन की.”

“सतरा.”

मी आवाज चढवला. तुम्ही काय मुन्शिपाल्टीचे जावई काय, असं काहीबाही बोललो. बायका हसायला लागल्या. मेजरांनी शिट्टी फुंकली. एक घागर पुढं सरकली. मी गुमान सतराव्या चौकोनात कॅन ठेवला. सगळ्या आयुष्यात ज्याच्याशी माझा भाव जमला नाही असा तो एकच माणूस. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. नंतर कधीतरी तो राग गेला आणि मी दुकानातून रोज त्यांना नमस्कार घालायला लागलो.

एका उन्हाळ्यात टँकर गेल्यावर ते घरी गेले, अक्कांकडून भाकरी वाढून घेतली, आणि पहिला घास मोडायच्या आत बसल्या जागी गेले. त्यानंतरचा टँकर आला तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा डोकी फुटणार. पण बायका आपापल्या आकड्यांवर उभ्या होत्या. शिट्टी नव्हती, तरी घागरी एकेक पुढं सरकत होत्या.

अक्का म्हणजे मेजरांच्या पत्नी. माहेर मैंदर्गीचं, त्यामुळं बोलण्यात कानडी. मला त्या ‘तम्मा’ म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. मेजर गेल्यानंतर वर्षभरानं एकदा दुपारी त्या दुकानात आल्या. सागवानी उंबऱ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, “तम्मा, तू समद्यांशी भांडतोस की. माझ्यासाठी येक भांडशील?”

“कुणाशी ते सांगा अक्का.”

“आमच्या गल्लीला ह्यांचं नाव पाहिजे.”

मी म्हटलं, पुतळा मागा, चौक मागा, गल्ली काय मागता? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं.

“ह्यांची नोकरी होती तवा मी पत्र लिवायची. पाकिटावर काय लिवायचं? ह्यांचं नाव, येक नंबर, आन एपीओ, म्हंजे फौजेचं पोस्ट. गाव न्हाई. रस्ता न्हाई. माणूस कुटं हाय, बर्फात हाय का वाळूत हाय, काय कळायचं न्हाई. सुट्टीवर आल्यावर इचारलं तर म्हनायचे, लांब होतो. येवडंच. मरूस्तवर सांगितलं न्हाई. सोळा वर्सं मी नंबरला पत्र लिवली बघ. आता माझ्या पाकिटावर ह्यांचं नाव यावं. पोस्टमननं ते वाचावं आन माझ्या दारात यावं. आनि काय नको मला. बोर्ड नसला तरी चालंल.”

रुळाकडेच्या खोलीतला मी. पत्त्याचं दुखणं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिथल्या तिथं शब्द दिला.

आणि तिथंच माझ्या सवयीनं घात केला. अकरा घरांच्या गल्लीला नाव मागितलं असतं तर कुणी विरोध केला नसता. गल्लीतली सगळी घरं मेजरांना मानत होती. पण आयुष्यात मला जे हवं ते मी पहिल्या बोलीत कधी सांगितलेलं नाही. एक दार हवं असलं तर मी चार दारांवर बोलणं सुरू करतो, तेव्हा कुठं एक बऱ्या भावात मिळतं. मी अक्कांना म्हटलं, “आपण आख्खा रस्ता मागू. नाक्यापास्नं पुलापत्तुर. ते खाली येतील, आपण खाली येऊ, आन गल्लीवर गाठ पडंल. गल्ली मागितली तर अर्धी गल्ली देतील.”

“मला गल्लीच पाहिजे रं.”

“गल्लीच मिळणार अक्का. मागायची रीत असते.”

त्यांनी मान हलवली. सगळ्या गल्लीच्या सह्या घेऊन मी अर्ज टाकला. अर्जदार म्हणून माझं नाव. मागणी आख्ख्या रस्त्याची.

दोन आठवड्यांत नाका पेटला. दुकानदारांनी नगरसेवकाच्या ऑफिसात बैठक लावली. पत्र्याच्या शेडमधलं ऑफिस, दुपारची वेळ, डोक्यावर पंखा गरम वारा ढवळतोय. हॉटेलवाला पहिल्यांदा उठला.

“जीएसटीवर पत्ता, बँकेत पत्ता, आधारवर पत्ता. समदं बदलत बसायचं काय आमी? आन कुणासाठी? आमच्या हॉटेलचं पाणी ह्या मेजरनं किती येळा आडवलंय म्हाईत हाय का?”

“लायनीत न्हाई उभारलास म्हणून आडवलं,” मी म्हटलं.

“तुमी कुटं उभारत होता शेट? तुमी तर मोरीचं दार देत होता की!”

सगळी शेड हसली. ही गोष्ट नाक्यावर इतकी पसरलेली आहे, हे मला माहीत नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी खुर्ची मागं ढकलली ती पडली. मेडिकलवाल्यानं मला धरलं. झेरॉक्सवाला म्हणाला, नाव द्यायचंच तर आमच्या मंडळाच्या संस्थापकाचं द्या. तासभर असाच गोंधळ चालला.

मग नगरसेवकानं मला आत बोलावलं. आत म्हणजे प्लायवूडच्या पार्टिशनच्या मागं. त्यानं चहा मागवला, शांतपणे रस्त्याचा नकाशा काढला आणि त्यावर पेन ठेवलं.

“शेट, ताणू नका. दुकानाच्या लायनीला मी हात लावू शकत न्हाई, मतं हायेत ती. भिंतीपास्नं पुलापत्तुर आज मंजूर करून घेतो.”

“मग गल्लीचं काय? गल्ली तर भिंतीच्या अलीकडं हाय.”

“मग तुमच्या दुकानापास्नं धरू की. तुमचं एक दुकान नावात आलं की गल्लीचं तोंड येतंय, गल्लीचा पत्ता तोंडावरच्या रस्त्यावरनं लिवतात. एका दुकानाचं काय, तुमीच अर्जदार. तुमची हरकत नसंल तर बाकीचे गप बसतील. बोला, कुटनं धरू?”

पेन माझ्या दुकानावर टेकलेलं होतं. माझ्या दुकानाची रुंदी तीस फूट. तेवढे तीस फूट नावात घ्यायचे, एवढंच.

मी त्या वेळी काय विचार केला, ते इथं खरं खरं लिहितो. माझा बोर्ड डोळ्यांसमोर आला. तीनच महिन्यांपूर्वी नवा लावलेला, आतून दिवे असलेला, त्यावर रस्त्याचं जुनं नाव. छापून आणलेली बिलबुकं. इंडीवाल्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलमधला माझा पत्ता. आणि त्या सगळ्याच्या मागं तो वर्ग, ते मास्तर, ती हसणारी पोरं. वाटलं, इतक्या वर्षांनी हातात आलेला पत्ता मी का सोडू? दुसऱ्या कुणी सोडावा की.

मी म्हटलं, “माझ्या दुकानाच्या पुढनं धरा.”

“मग गल्ली सुटती.”

“गल्लीचं तुमी नंतर बघा.”

“बघतो की,” तो म्हणाला. “गल्लीचा वेगळा ठराव करून देतो. शब्द माझा.”

चिठ्ठीशिवाय दाराला हात न लावणारा मी, त्या शब्दावर चहा पिऊन बाहेर आलो. कारण तो शब्द मला सोयीचा होता.

मेजरांच्या नावाचा बोर्ड लागला त्या दिवशी फुलांच्या माळा होत्या, दोन डझन खुर्च्या होत्या आणि गिरणीच्या भिंतीची सावली होती. नगरसेवक देशाविषयी बोलला, सीमेविषयी बोलला, आपल्या वॉर्डातल्या गटारीच्या कामाविषयी बोलला. एक पेपरवाला फोटो काढत होता. अक्कांच्या हातात दोरी दिली, त्यांनी ओढली, पडदा सरकला. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत मेजरांचं नाव. अक्कांनी ते वाचलं. मग त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. गिरणीची भिंत, गोदामाची भिंत.

माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, “तम्मा, हितं कोण राहतंय?”

मी दारांचा धंदा करतो. ज्या रस्त्याला एकही दार नाही तो रस्ता मला दिसला नाही, असं मी कुणाला सांगू? मला ते नकाशावरच दिसलं होतं.

“नगरसेवकानं घात केला अक्का,” मी म्हटलं. “पण गल्लीचा ठराव यायचाय. मी सोडत न्हाई त्याला.”

मी त्याला खरंच सोडलं नाही. दर आठवड्याला फोन, दर पंधरवड्याला ऑफिसची पायरी. तो ‘होतंय की शेट’ म्हणायचा. शेवटी मी स्वतः कारकुनाकडं गेलो. कारकुनानं फाईल उघडली, मिटली आणि म्हणाला, एका माणसाचं नाव दोन ठिकाणी देता येत नाही. एकदा दिलं की दिलं. हे नगरसेवकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दिवशी मी त्याच्या ऑफिससमोर उभा राहून जो आरडाओरडा केला, तो नाक्यावर अजून सांगतात. लोकांना वाटलं, शेटला अक्कांची केवढी कणव. ओरडताना मलाही तसंच वाटत होतं.

अक्कांनी मात्र धीर सोडला नव्हता. त्यांनी मैंदर्गीच्या भाचीला सांगून नव्या पत्त्यावर पत्र लिहायला लावलं. पोस्टमन ते घेऊन माझ्या दुकानात आला. नवीनच होता.

“शेट, ह्या रस्त्यावर घर कुटलं? मी दोनदा पुलापत्तुर जाऊन आलो.”

पाकिटावर अक्कांचं नाव, खाली मेजरांचा रस्ता. त्याला गल्ली दाखवायची, इतकं सोपं होतं. पण मग तो अक्कांच्या दारात म्हणाला असता, बाई, हा पत्ता चुकीचा आहे, जुनाच लिवत जावा. मी पाकीट घेतलं. म्हटलं, “ह्या रस्त्याचं जे येईल ते माझ्याकडं टाकत जा.” आणि स्वतः गल्लीत जाऊन अक्कांच्या हातात दिलं.

“पोस्टमननं आणलं?”

“व्हय. मी दारात होतो म्हणून माझ्याकडं दिलं.”

त्यांनी पाकिटावरच्या ओळीवरून बोट फिरवलं. आतलं पत्र त्यांनी माझ्यासमोर उघडलंसुद्धा नाही. मला शेंगापोळी खायला घातली. मी दोन खाल्ल्या.

दोन वर्षं हे चाललं. दिवाळीचं, संक्रांतीचं, भाचीच्या लग्नाची पत्रिका. सगळं माझ्या दुकानात यायचं आणि मी पोचवायचो. अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून कधी कधी वाचूनही दाखवायचो. मी स्वतःला सांगत होतो, की पाकिटावर नाव आहे, पत्र दारात पोचतंय, बाईला आणखी काय हवं होतं?

मागच्या हिवाळ्यात एक पत्र आलं. अक्षर थरथरतं, पण एका ओळीत चालणारं. मी नेहमीसारखा घेऊन गेलो. अक्का अंगणात कडुलिंबाखाली शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “कुणाचं हाय बघ की. वाच.”

पत्र साताऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याचं होतं. मेजरांच्या बरोबर एकाच तुकडीत नोकरी केलेला. मी वाचायला लागलो.

‘वहिनींना नमस्कार. हवालदारसाहेब गेल्याचं आणि त्यांच्या नावानं रस्ता झाल्याचं मला पेपरच्या कात्रणावरून कळलं. कात्रण मला फार उशिरा मिळालं. माझं वय झालं आहे, तरी ठरवलं की एकदा तुम्हाला भेटून यावं. आम्ही दोघं कुठं होतो, काय बघितलं, हे साहेब घरी बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, समोर बसून सांगण्यासारखं आहे. म्हणून मी सोलापूरला आलो होतो.’

अक्कांचा शेंगा फोडणारा हात थांबला. “आलता? कवा आलता?”

मी पुढची ओळ डोळ्यांनी वाचली आणि कागदाची घडी घालायला लागलो.

“वाच की तम्मा.”

‘गेल्या उन्हाळ्यात आलो, स्टेशनवरून रिक्षानं नाक्यावर उतरलो. चालत चालत दारांच्या एका दुकानापाशी आलो. तिथल्या गृहस्थाला कात्रण दाखवून विचारलं, हा रस्ता कुठला. ते म्हणाले, पुढं भिंतीपाशी, पण तिथं कुणी राहत नाही. मी पुलापर्यंत जाऊन आलो. बोर्ड बघितला, सॅल्यूट केला. घर नव्हतं. वाटलं, तुम्ही गाव सोडलं असेल. ऊन फार होतं, मी परत फिरलो. तरी मनाला लागून राहिलं म्हणून हे पत्र टाकतो, पोचेल न पोचेल.’

ती दुपार मला आठवली. मोडनिंबचा एक ढाबेवाला आला होता, हायवेवर नवं हॉटेल बांधत होता, त्याला दोन फळ्यांचं जोडदार हवं होतं. भाव शेवटच्या टोकाला आला होता, तो उठून चालला होता आणि मी त्याला परत बोलवत होतो. त्यात मध्ये कुणीतरी येऊन प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद पुढं केला. पांढरी मिशी, हातात पिशवी. मी वर न बघता हात केला आणि बोललो. त्याला पुढं काहीतरी विचारायचं होतं, त्यानं तोंड उघडलं होतं. मी ढाबेवाल्याकडं वळलो. अक्कांची गल्ली त्या म्हाताऱ्याच्या पाठीमागं दहा पावलांवर होती.

अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, “दारांचं दुकान म्हंजे तूच की.”

“व्हय अक्का.”

“तितं कुणी राहत न्हाई म्हनलास?”

“व्हय.”

“खरंच बोललास की,” त्या म्हणाल्या. आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला त्या सोसल्या असत्या. भांडणात मला काय बोलायचं ते कळतं. मी तिथं उभा राहून तीस फुटांचं, नकाशाचं, पेनाचं सगळं सांगणार होतो, पण त्यांनी वर बघितलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज लिहितोय.

त्याच संध्याकाळी मी त्या म्हाताऱ्याला उत्तर धाडलं. लिहिलं, तुम्ही या, मी गाडी पाठवतो, किंवा मीच बाईंना घेऊन येतो. महिन्याभरानं त्यांच्या सुनेचं पत्र आलं. मामंजींना झटका आला, बोलणं गेलं, आता घरातली माणसंही ओळखत नाहीत. तरी मी अक्कांना विचारलं, जायचं का? त्या म्हणाल्या, “जाऊन काय बघू? त्यो बी आता लांब गेलाय की.”

मेजर सोळा वर्षं कुठं होते, ते सांगणारा माणूस माझ्या पायरीपर्यंत आला होता. मी त्याला भिंतीकडं धाडलं.

मी आता माझा बोर्ड उतरवला आहे. नवा लावला, त्यावर मेजरांच्या रस्त्याचं नाव. बिलबुकंही नवी छापली. पोस्टमन म्हणतो, शेट, बोर्ड रंगवून पत्ता होत नसतो, ठराव लागतो. मी पुन्हा अर्ज टाकला आहे, की नाव भिंतीऐवजी गल्लीच्या तोंडापासून धरावं, माझ्या तीस फुटांची हरकत नाही. कारकून म्हणतो, नगरसेवकाचं पत्र आणा. नगरसेवक माझा फोन उचलत नाही. अक्का आता भाचीला जुन्याच पत्त्यावर लिहायला सांगतात. पोस्टमन सरळ त्यांच्या दारात जातो.

रस्त्याच्या कडेचे आकडे पुष्कळसे पुसले आहेत. माझ्या पायरीसमोरचा सतरा अजून दिसतो.

त्या दुपारी पार्टिशनच्या मागं आम्ही दोघंच होतो. तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, की नगरसेवकानं यावं. गाडीतून नको, चालत यावं. एका नावाला दोन जागा मिळत नाहीत हे ठाऊक असताना शब्द का दिला, ते त्यानं अक्कांच्या अंगणात उभं राहून सांगावं. आणि तीस फूट का सोडले नाहीत, ते मी सांगेन, त्याच्या आधी सांगेन. सतरा नंबर माझा आहे, मी उभा आहे. त्यानं अठरावर येऊन उभं राहावं आणि उत्तर द्यावं.